बार्बराबाई हेक यांचे संक्षिप्त चरित्र

एखादे कुटुंब पोटासाठी आपले गाव सोडून दूर देशी जाते, तेव्हा बरोबर काय न्यावे व मागे काय ठेवावे याचा विचार घरच्या बाईलाच अधिक करावा लागतो. भांडीकुंडी, पांघरुणे, बियाणे ही तर ती बांधून घेतेच. परंतु वाडवडिलांची भाषा, चांगल्या चालीरीती, प्रार्थना व देवाचे भय ही गाठोड्यात बांधता येत नाहीत. ती अंतःकरणात न्यावी लागतात. आणि नव्या मुलखात ती टिकली की वाळून गेली, हे पाचदहा वर्षांतच दिसून येते.

आज आम्ही आयर्लंडातून अमेरिकेस गेलेल्या एका शेतकरी कुळातील स्त्रीची हकीकत सांगत आहो. त्यांचे नाव बार्बराबाई हेक. त्यांनी कधी व्यासपीठावरून उपदेश केला नाही, एकही पुस्तक लिहिले नाही, आणि त्यांच्या हातचे एक पत्रदेखील मागे राहिलेले नाही. तरी अमेरिकेतील मेथडिस्ट मंडळ्या त्यांस आपली माता म्हणून मान देत आल्या आहेत. असे का झाले हे कळण्यासाठी त्यांच्या वाडवडिलांपासून आरंभ केला पाहिजे.

जर्मनी देशात ऱ्हाइन नदीच्या काठी पॅलॅटिनेट नावाचा सुपीक प्रांत आहे. तेथील पुष्कळ लोक प्रॉटेस्टंट मताचे असून द्राक्षमळे व शेती यांवर निर्वाह करीत. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या सैन्याने तो प्रांत वारंवार लुटला व जाळला. त्यातच १७०८-०९ चा हिवाळा इतका कडक पडला की द्राक्षांचे वेल व फळझाडे जागच्या जागी मरून गेली. तेव्हा १७०९ मध्ये सुमारे १३ हजार माणसे नदीच्या वाटेने हॉलंडात व तेथून लंडन शहरी येऊन पोहोचली. त्या वेळी इंग्लंडच्या गादीवर ॲन राणी होती. तिच्या सरकारने या निराश्रितांस तंबूंत ठेविले व अन्न दिले. पुढे त्यांतील काहींस अमेरिकेतील वसाहतींकडे पाठविले, काही परत गेले, आणि सुमारे ३ हजारांस आयर्लंडात वसविण्यासाठी नेले.

यांपैकी बरीच कुटुंबे लिमरिक परगण्यात रॅथकील गावाजवळ एका जमीनदाराच्या वतनात स्थायिक झाली. माणशी ८ एकर जमीन हलक्या खंडाने मिळाली, आणि आरंभीची काही वर्षे तो भारही सरकारने उचलला. त्यांनी ताग व जवस पेरले, जवसाच्या वाखापासून सूत काढले, घरे नीटनेटकी बांधली, आणि गावचा कारभार पाहण्यास आपल्यातूनच पाटलासारखा एक मुखी नेमला. शेजारपाजारचे लोक आयरिश भाषा बोलणारे व रोमन कॅथलिक मताचे, जमीनदार इंग्रज, आणि मध्ये ही जर्मन बोलणारी लहानशी वस्ती. याच वस्तीतील बॅलिंग्रेन नावाच्या खेड्यात १७३४ मध्ये बार्बराबाईंचा जन्म झाला. त्यांचे माहेरचे आडनाव रकल असे होते.

या लोकांनी आपल्या धर्मासाठी देश सोडला होता. परंतु नव्या देशात त्यांची भाषा जाणणारा पाळक त्यांस मिळाला नाही. इंग्रजी उपासना त्यांस समजत नव्हती. बाप्तिस्मा, लग्न व मूठमाती या वेळांपुरताच काय तो धर्म उरला. जुनी पिढी मरून गेली, आणि तरुण पिढी दारू, शिव्याशाप व आळस यांत पडली. पुढे जॉन वेस्ली यांनी या वस्तीविषयी आपल्या रोजनिशीत हाच दोष स्पष्ट नोंदवून ठेविला आहे. ज्यांच्या आजोबांनी पवित्र शास्त्रासाठी घरदार सोडले, त्यांची नातवंडे चाळीस वर्षांत इतकी खाली आली, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

तरीही एक दिवा विझला नव्हता. बॅलिंग्रेन येथे फिलिप गायर नावाचे एक शाळामास्तर होते. ते मुलांस जर्मन लिहावयास व वाचावयास शिकवीत. त्या वस्तीत जी लेकरे वाढली त्यांस पवित्र शास्त्राची ओळख प्रथम जर्मन भाषेतच झाली. बार्बराबाईही जर्मन बायबल वाचावयास शिकल्या, आणि ते त्यांच्यापासून जन्मभर सुटले नाही.

वेस्ली १७४७ मध्ये प्रथम आयर्लंडास आले, व थोड्याच वर्षांत त्यांचे उपदेशक लिमरिकच्या बाजूस फिरू लागले. त्यांचा उपदेश ऐकून या जर्मन वस्तीत मोठा पालट झाला. १७५२ मध्ये अठरा वर्षांच्या बार्बराबाईंनी आपला विश्वास उघडपणे पत्करला व त्या मेथडिस्ट वर्गात दाखल झाल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्या नात्यातील फिलिप एम्बरी नावाचा तरुण सुतार याचाही पालट झाला. १७५६ मध्ये वेस्ली स्वतः बॅलिंग्रेन येथे आले, तेव्हा त्यांस दारू व शिवीगाळ यांपासून मुक्त झालेली उद्योगी माणसे आढळली. १७५८ मध्ये एम्बरी यांस स्थानिक उपदेशक नेमण्यात आले.

येथे वर्ग म्हणजे काय हे थोडक्यात सांगितले पाहिजे. दहाबारा माणसे आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमत. वर्गनायक प्रत्येकास त्याच्या आत्म्याची खुशाली विचारी. कोणी पापात पडला असेल तर त्यास सावरीत, कोणी दुःखात असेल तर त्याच्यासाठी प्रार्थना करीत, आणि गरिबांसाठी एक पेनी बाजूस काढीत. मंदिर नको, घंटा नको, मोठा विद्वान नको. हीच बॅलिंग्रेनची खरी ठेव होती. शेतकरी व विणकर यांस ती हाताळता येत होती, आणि पुढे समुद्रापलीकडे नेता आली.

परंतु पोटाची काळजी सुटली नाही. जमिनीचे जुने पट्टे संपत आले व जमीनदारांनी खंड वाढविला. ज्या शेतात बापजाद्यांनी घाम गाळला, तेच शेत आता परवडेना. तेव्हा काही कुटुंबांनी अमेरिकेस जाण्याचे ठरविले. न्यूयॉर्क येथे जवस पिकवून लिननच्या कापडाचा धंदा काढावा असा त्यांचा बेत होता. त्याच वर्षी, म्हणजे १७६० मध्ये, बार्बराबाईंचे लग्न पॉल हेक यांच्याशी झाले होते. लिमरिकच्या धक्क्यावर निरोप देण्यास पुष्कळ माणसे जमली होती, आणि एम्बरी यांनी जहाजावरून त्यांस शेवटचा उपदेश केला, असे सांगतात. मागे राहिलेल्यांस वाटले की, आपल्यातील उत्तम माणसे दूर चालली, आता ती तेथे मोठे कार्य करतील. ऑगस्ट महिन्यात जहाज न्यूयॉर्कास लागले.

तथापि घडले उलटेच. न्यूयॉर्क हे त्या काळी वीस हजारांहूनही कमी वस्तीचे बंदर होते; परंतु तेथे दारूची दुकाने, शिपायांच्या बराकी, खलाशी, व्यापारी व गुलामांचा बाजार हे सर्व होते. कापडाचा बेत मनासारखा पार पडला नाही. जो तो मिळेल त्या कामास लागला. एम्बरी यांनी सुतारकी केली व मुलांस शिकविले. जर्मन बोलीच्या ओढीने काही जण लूथरपंथी मंडळीकडे जात व तेथे लेकरांचे बाप्तिस्मे करवीत. परंतु बॅलिंग्रेनचा वर्ग भरला नाही. एम्बरी हे स्वभावाने भिडस्त होते. आयर्लंडात त्यांस पाठबळ होते. येथे आपणास कोण ऐकणार, असे वाटून त्यांनी तोंड मिटले. एक वर्ष गेले, दोन गेली, सहा वर्षे गेली. कोणी छळ केला नाही, कोणी मनाई केली नाही. विस्तवावर कोणी पाणी ओतले नाही. कोणी फुंकर घातली नाही म्हणूनच तो राखेखाली गेला. १७६५ मध्ये लिमरिकहून आणखी काही सोयरेधायरे आले. त्यांत बार्बराबाईंचा भाऊ पॉल रकल हाही होता. परंतु पुष्कळांस पूर्वीच्या विश्वासाची गोडी राहिली नव्हती.

१७६६ च्या शरद ऋतूत एके दिवशी बार्बराबाई एका घरी गेल्या. ते त्यांच्या भावाचे घर होते असे काहींचे सांगणे आहे. स्वयंपाकघरात ओळखीची माणसे पत्ते खेळत बसली होती. बार्बराबाईंनी त्यांची तोंडे पाहिली. हीच माणसे, किंवा यांचेच आईबाप, बॅलिंग्रेनच्या वर्गात गुडघे टेकीत असत. त्यांच्या मनात आजोबांच्या काळची गोष्ट आली असेल. जी वस्ती एकदा पाळकावाचून दारूत बुडाली, तीच पुन्हा या परक्या शहरात बुडू पाहत होती. त्यांनी मेजावरील सर्व पत्ते आपल्या पुढे बांधलेल्या फडक्यात गोळा केले व चुलीत टाकले. मग खेळणाऱ्यांस गंभीरपणे बजावून त्या तडक एम्बरींच्या घरी गेल्या.

त्यांनी एम्बरी यांस सांगितले की, आता तरी उपदेश केला पाहिजे, नाही तर आपण सगळे नाश पावू, आणि या आत्म्यांविषयी देव तुमच्याजवळ जाब मागेल. एम्बरी म्हणाले की, मजजवळ मंदिर नाही व मंडळीही नाही, मग उपदेश कोठे व कोणास करावा? यावर बार्बराबाईंनी उत्तर केले की, आपल्याच घरी करा, व आपल्याच माणसांस करा.

ही हकीकत तोंडोतोंडी चालत आलेली आहे, म्हणून सांगणाऱ्यांच्या तपशिलात थोडाफार फरक पडतो. परंतु तिचे फळ काय झाले याविषयी शंका नाही. पत्ते जाळणे ही क्षणाची गोष्ट होती व ती रागाच्या भरातही कोणी करील. बार्बराबाईंचे मोठेपण असे की, चुलीत पत्ते टाकून त्या घरी परतल्या नाहीत. वाईट जेथून काढले तेथे चांगले कोण पेरील याची तजवीज त्यांनी त्याच दिवशी केली.

एम्बरी कबूल झाले, आणि श्रोते गोळा करण्यास बार्बराबाई बाहेर पडल्या. पहिल्या उपासनेस पाच जण होते. एम्बरी स्वतः, बार्बराबाई, त्यांचे यजमान पॉल हेक, त्यांच्याकडे कामास असलेला जॉन लॉरेन्स, आणि बेटी नावाची आफ्रिकी वंशाची दासी. गीत झाले, प्रार्थना झाली, उपदेश झाला, आणि त्याच ठिकाणी पुन्हा वर्ग स्थापन करण्यात आला. बेटीचे आडनावदेखील कोणी लिहून ठेविले नाही. परंतु ज्या शहरात माणसांची खरेदीविक्री चालत होती तेथे मालक, चाकर व दासी एका खोलीत देवासमोर बसली, ही गोष्ट लहान नव्हे.

हळूहळू घर अपुरे पडू लागले, तेव्हा बराकीजवळ एक मोठी खोली भाड्याने घेतली. पलटणीतील काही वाजंत्री उपासनेस येऊ लागले. १७६७ च्या आरंभी एके दिवशी लाल गणवेश घातलेला व तरवार लटकाविलेला एक एकाक्ष सरदार दाराशी आला. मंडळी घाबरली. त्यांस वाटले, सरकारचा हुकूम आला. परंतु तो सरदार गुडघे टेकून प्रार्थनेस बसला. ते कॅप्टन थॉमस वेब होते. फ्रेंचांशी झालेल्या लढाईत त्यांचा एक डोळा गेला होता, व इंग्लंडात वेस्लींच्या मंडळीत त्यांनी प्रभूस वाहून घेतले होते. ते तरवार मेजावर ठेवून उपदेश करीत, आणि त्यांस पाहावयास आलेली माणसे ऐकण्यास राहत. मग विल्यम स्ट्रीटवर जहाजांची शिडे व दोर तयार करण्याची एक माडी घेतली. ती ६० फूट लांब व अवघी १८ फूट रुंद होती. तीही भरून जाऊ लागली.

आता स्वतःचे मंदिर पाहिजे असे सर्वांस वाटू लागले. परंतु मंडळी गरीब होती. बार्बराबाईंनी ही गोष्ट प्रार्थनेत देवापुढे मांडली. प्रार्थना करीत असता मंदिर कसे बांधावे याचा साधा व काटकसरीचा नमुना आपल्या मनापुढे आला, व देव हे करील अशी खातरी झाली, असे त्यांनी बांधवांस कळविले. मंडळीने ते मान्य केले. जॉन स्ट्रीटवर १७६८ मध्ये जागा पट्ट्याने घेण्यात आली. वर्गणीच्या यादीत सुमारे २५० नावे पडली. तीत शहरातील मोठ्या लोकांची नावे आहेत, तशीच आफ्रिकी गुलामांचीही आहेत. कॅप्टन वेब यांनी सर्वांत मोठी म्हणजे ३० पौंडांची रक्कम दिली.

इमारत ६० फूट लांब व ४२ फूट रुंद दगडी झाली. तीत एक शेकोटी व धुराडे मुद्दाम ठेविले होते. कारण सरकारी मंडळीबाहेरच्या लोकांस रीतसर मंदिर बांधण्याची मोकळीक नव्हती, आणि धुराडे असले म्हणजे ती इमारत घरात गणली जाई. सुतारकाम एम्बरी यांनी केले, व्यासपीठही त्यांनीच आपल्या हाताने घडविले. आतील भिंतींस चुना बार्बराबाईंनी लावला. रविवार, ३० ऑक्टोबर १७६८ रोजी एम्बरी यांनी आपणच घडविलेल्या व्यासपीठावर उभे राहून मंदिराचे समर्पण केले. त्यांनी होशेयाच्या दहाव्या अध्यायातील बारावे वचन घेतले. पडीक जमीन नांगरण्याविषयीचे ते वचन आमच्या शेतकरी बांधवांस ठाऊकच आहे. सहा वर्षे पडीक राहिलेल्या त्या मंडळीस याहून योग्य वचन कोणते मिळणार?

इकडे वेस्ली यांस मदतीसाठी पत्र गेले. १७६९ मध्ये लीड्स येथील वार्षिक सभेत त्यांनी विचारले की, अमेरिकेस कोण जाईल? रिचर्ड बोर्डमन व जोसेफ पिल्मूर हे दोघे पुढे झाले. सभेतील उपदेशक स्वतः गरीब होते, तरी त्यांनी मंदिराच्या कर्जासाठी ५० पौंड जमवून पाठविले. त्याच वर्षी हे दोघे येऊन पोहोचले, आणि एम्बरी यांनी आपले ओझे त्यांच्या हाती सोपविले.

मंदिर उभे राहिले, पाळक मिळाले. आता हेक कुटुंबास सुखाने शहरात राहता आले असते. परंतु ती मूळची मातीची माणसे. १७७० च्या सुमारास एम्बरी, हेक व आणखी काही आयरिश-जर्मन कुटुंबे न्यूयॉर्कच्या उत्तरेस कॅम्डन नावाच्या खोऱ्यात शेती करावयास गेली. तेथे जंगल तोडून जमीन साफ करावयाची होती. शेजारच्या ॲशग्रोव्ह येथे एम्बरी यांनी लवकरच नवा वर्ग भरविला. न्यूयॉर्क येथील चूक त्यांनी पुन्हा केली नाही. या वेळी सहा वर्षे वाट पाहिली नाही. परंतु १७७३ मध्ये गवत कापण्याच्या कामात त्यांस इजा होऊन ते मरण पावले. ज्यांस बार्बराबाईंनी एकदा बोलके केले होते तो उपदेशक गेला, आणि विधवा व लेकरे मागे राहिली.

पुढे याहूनही कठीण प्रसंग आला. १७७५ मध्ये अमेरिकन वसाहतींचे इंग्लंडच्या राजाशी युद्ध सुरू झाले. शेजारी शेजाऱ्यावर उठला. बॅलिंग्रेनच्या लोकांस आपल्या आजोबांची गोष्ट आठवत होती. आपण निराश्रित असता ज्या गादीने आसरा दिला तिच्याविरुद्ध हत्यार धरणे त्यांच्यापैकी पुष्कळांस कृतघ्नपणाचे वाटले. पॉल हेक राजाच्या सैन्यात दाखल झाले. १७७७ च्या ऑक्टोबरात सॅराटोगा येथे त्या सैन्याला शरण जावे लागले. त्या सुमारास पॉल घरी येत असता विरुद्ध पक्षाच्या शिपायांनी त्यांस धरले. परंतु रात्री शिपायांस झोप लागलेली पाहून ते निसटले व रानातून कॅनडाकडे गेले, असे सांगतात. बार्बराबाईही लेकरांसह उत्तरेस गेल्या. कष्टाने साफ केलेली शेते, घर, गुरे सर्व मागे राहिले. त्या युद्धात दोन्ही बाजूंस देवभीरू माणसे होती, म्हणून कोणाची बाजू खरी याचा निवाडा आम्ही येथे करीत नाही. इतकेच सांगतो की, उपकाराची आठवण ठेवणे या कुटुंबास फार महाग पडले.

काही वर्षे त्यांनी मॉन्ट्रियलच्या बाजूस काढली. तह झाल्यावर राजनिष्ठ लोकांस सेंट लॉरेन्स नदीच्या काठी रानजमिनी देण्यात आल्या, आणि १७८५ मध्ये हेक कुटुंब ऑगस्टा नावाच्या मुलखात आले. बार्बराबाईंचे वय आता पन्नाशीपलीकडे गेले होते. पुन्हा कुऱ्हाड, पुन्हा लाकडी खोपट, पुन्हा पहिली नांगरणी. आणि पुन्हा वर्ग! कोणी उपदेशक येईल म्हणून ते थांबले नाहीत. फिलिप एम्बरी यांचा मुलगा सॅम्युएल वर्गनायक झाला. एम्बरींच्या विधवेने जॉन लॉरेन्स यांच्याशी लग्न केले होते, तेही तेथेच होते. म्हणजे न्यूयॉर्कच्या त्या पाच जणांपैकी तिघे जण या दूरच्या रानात पुन्हा एकत्र प्रार्थना करू लागले, आणि चौथ्याच्या जागी त्याचा मुलगा उभा राहिला. कॅनडाच्या त्या भागातील अगदी पहिल्या मेथडिस्ट वर्गांत याची गणना होते. फिरते उपदेशक तेथे १७९० च्या सुमारास आले, तेव्हा त्यांस ओसाड जमीन नव्हे, उगवलेले पीक आढळले.

यजमान पुढे निवर्तले, व बार्बराबाई आपला मुलगा सॅम्युएल हेक याच्याजवळ राहू लागल्या. भोवती सर्वत्र इंग्रजी बोलली जात होती. नातवंडांच्या तोंडी जर्मन शब्द थोडेच राहिले असतील. परंतु आजीच्या हाती तेच जुने जर्मन बायबल असे. १७ ऑगस्ट १८०४ रोजी त्या खुर्चीत बसल्या असता मरण पावल्या. मांडीवर ते बायबल उघडे होते. त्या वेळी त्यांचे वय ७० वर्षांचे होते. प्रेस्कॉट गावाजवळ नदीकाठी ब्लू चर्च नावाच्या मंदिराच्या आवारात त्यांस माती देण्यात आली.

आता या पेरणीचे पीक पाहू. १७८४ मध्ये बाल्टिमोर येथे अमेरिकेची स्वतंत्र मेथडिस्ट मंडळी स्थापन झाली, व पुढील शतकात ती त्या देशातील सर्वांत मोठ्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत गणली जाऊ लागली. येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. मेरीलँड प्रांतात रॉबर्ट स्ट्रॉब्रिज नावाचे दुसरे एक आयरिश शेतकरी याच काळात, किंवा थोडे आधीच, उपदेश करू लागले होते. म्हणून पहिला मान कोणाचा याविषयी विद्वानांत वाद आहे. परंतु दोन्ही ठिकाणी बीज आयर्लंडच्याच खेड्यांतून आले यात संशय नाही. १८६६ मध्ये अमेरिकेत शताब्दी साजरी झाली. तेव्हा तेथील मेथडिस्ट स्त्रियांनी वर्गणी जमवून इव्हॅन्स्टन येथील बायबल विद्यालयात विद्यार्थ्यांसाठी एक इमारत बांधविली व तिला बार्बराबाई हेक यांचे नाव दिले. जॉन स्ट्रीटवर आजही मेथडिस्ट मंदिर आहे. सध्याची इमारत १८४१ मधील असून त्या जागेवरील ती तिसरी आहे.

या झाडाची एक फांदी आपल्या देशावरही पसरली. १८५६ मध्ये या मंडळीचे पहिले मिशनरी विल्यम बटलर हिंदुस्थानात आले. त्यांचा जन्म डब्लिन शहरातला. १८७० च्या जानेवारीत क्लॅरा स्वेन व इझाबेला थोबर्न या दोन बाया मुंबईस उतरल्या. एकीने बरेली येथे स्त्रियांसाठी औषधोपचार सुरू केला, दुसरीने लखनौ येथे मुलींची शाळा काढली. थोबर्नबाईंचे आईबाप आयर्लंडातून अमेरिकेस गेलेले होते. आणि १८७१ च्या अखेरीस विल्यम टेलर यांनी मुंबईत सभा भरविल्या, त्यांतून तेथील मेथडिस्ट मंडळी उभी राहिली. न्यूयॉर्कच्या एका खोलीत पाच माणसे बसली, त्यांस मुंबईचे नावही कदाचित ठाऊक नसेल.

वाचकहो, या चरित्रात वारशाविषयी एक मोठा धडा आहे. बापाची जमीन मुलाच्या नावे होते. विश्वास तसा नावावर चढत नाही. पॅलॅटिनेटहून आलेल्यांनी त्यासाठी सर्व सोडले, आणि चाळीस वर्षांत त्यांच्या नातवंडांनी तो गमाविला. पुन्हा मिळाल्यावर सहा वर्षांत तो दुसऱ्यांदा हातून निसटू लागला. दोन्ही वेळी कारण एकच. आपल्यास पाळक नाही, मंदिर नाही, मंडळी नाही, असे म्हणून लोक स्वस्थ बसले. बार्बराबाईंनी भाषा जपली, परंतु लेकरांवर ती लादली नाही. त्यांनी शेत दोनदा गमाविले, देश दोनदा बदलला. एक गोष्ट मात्र जेथे गेल्या तेथे पहिल्याप्रथम उभी केली, ती म्हणजे घरातील प्रार्थना व आपल्या माणसांचा वर्ग.

आपल्याही मंडळीतील कुटुंबे कामाधंद्यासाठी पुण्यामुंबईस व त्याहून दूर जातात. कित्येक गावी दोनच घरे ख्रिस्ती असतात व पाळक महिन्यातून एकदा येतो. अशा ठिकाणी उपासना बंद पडली तर दोष कोणाचा? तीमथ्याचा विश्वास आधी त्याच्या आजीच्या व आईच्या ठायी होता, हे प्रेषित पौलाने आपणांस कळविले आहे. तेव्हा आजी व आई यांनी बार्बराबाईंचे उत्तर विसरू नये. आपले घर आहे, आपली माणसे आहेत. आरंभास इतके पुरे आहे. आणि जो बांधव बोलण्याची शक्ती असून भिडेने गप्प बसला आहे, त्याच्या दाराशी जाण्याचे धैर्य प्रभू आपल्या मंडळीतील कोणा तरी बहिणीस देवो.